गावभागातले घर सोडताना मैत्रिणींना काय सांगावे?

सांगलीहून एका भगिनीने पाठवलेले पत्र थोडक्यात असे :

"माझे वय ६७. १९७८ साली लग्न होऊन मी गावभागातल्या या घरात आले. घर सासऱ्यांनी बांधलेले, खाली चार खोल्या आणि वर दोन. यजमान शाळेत शिक्षक होते. ते २०१८ मध्ये गेले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी खालच्या मजल्याच्या तुळईला लागले. २०२१ मध्ये ते पुन्हा घरात आले. आता दरवर्षी पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झाले हे विचारत रात्री काढणे मला झेपत नाही. मुलगा, मुलगी आणि मी अशा तिघांच्या सह्यांनी घर विकायचा करार झाला असून नोव्हेंबरअखेर ताबा द्यायचा आहे. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. मुलगा पुण्याहून म्हणतो, 'पॅकर्सवाले एका दिवसात सगळे नेतील, तू कशाला हात लावू नकोस.' माझ्या भिशीतल्या चौघी मैत्रिणी म्हणतात, 'आम्ही येतो.' पण २०१९ मध्ये याच चौघींनी चार दिवस माझ्या घरातला गाळ काढला, आणि त्यांपैकी एकीच्या स्वतःच्या घरात पाणी होते. आता पुन्हा त्यांना कोणत्या तोंडाने बोलावू? शिवाय माळ्यावर चाळीस वर्षांचा पसारा आहे, तो दुसऱ्यांनी पाहावा याची लाज वाटते. सासूबाई २००५ च्या पुरातही वरच्या मजल्यावरून हलल्या नव्हत्या. त्यांचे घर मी सोडते आहे, हेही मनातून जात नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्या वाचनात, शेवटच्या पानाच्या समासात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलेली एक ओळ दिसली : "एकीची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा मी दीड महिना त्यांच्याकडे जाऊन सकाळचा स्वयंपाक केला, तेवढेच काय ते माझ्याकडून झाले." ही ओळ तुम्ही समासात का ढकललीत? चार दिवसांचा गाळ तुम्ही पत्राच्या मध्यभागी मांडला आणि दीड महिन्याचा स्वयंपाक कडेला. तुमच्या मैत्रिणींना विचारले तर त्या नेमके उलटे मांडतील, याबद्दल मला शंका नाही. ज्या बायकांनी बावीस वर्षे एकत्र भिशी चालवली आहे, त्यांच्यात कोणी कोणाचे किती देणे लागते हा हिशेब केव्हाच मिटलेला असतो. तो तुमच्या एकटीच्या मनात उरला आहे. तेव्हा 'कोणत्या तोंडाने' हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना बोलवा. कशासाठी बोलवायचे, यावर मात्र थोडा विचार करायला हवा.

तुमच्या मुलाचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. तो अर्धे बरोबर बोलतो आहे. तुम्ही चौघी-पाचजणी साठी ओलांडलेल्या आहात. शिसवी पलंग, गोदरेजचे कपाट, धान्याची पिंपे आणि पुस्तकांचे खोके यांना तुमच्यापैकी कोणीही हात लावू नये. कमरेत एकदा भरले की दिवाळी अंथरुणात जाईल. वजन उचलण्याचे काम पैसे देऊन हमालांकडून किंवा पॅकर्सवाल्यांकडूनच करून घ्या. चार माणसे आणि दोन 'छोटा हत्ती' टेम्पो यांत गावभाग ते विश्रामबाग हा प्रवास एका दिवसात सहज होतो. पण परक्या माणसाला घरातली प्रत्येक वस्तू सारखीच दिसते. तो रिकामी बरणी जितक्या निगुतीने गुंडाळेल, तितक्याच निगुतीने गेल्या वर्षीची रद्दीही खोक्यात भरेल, आणि तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहा खोल्यांचे सामान आणून रचून जाईल. काय न्यायचे, काय कोणाला द्यायचे आणि कशाचा निरोप घ्यायचा, हे ठरवताना शेजारी तुमचे घर ओळखणारे माणूस लागते. मैत्रिणींची गरज तिथे आहे आणि ते काम हमाल यायच्या आधी पूर्ण व्हायला हवे. गणपती नुकतेच उठले आहेत, म्हणजे हातात दोन महिने आहेत. आठवड्यातून दोन दुपारी, प्रत्येक वेळी एकच खोली, एवढेच ठरवले तरी ते पुरतील.

'या गं सगळ्याजणी' असे मोघम बोलावणे करू नका. तसे केले की चौघी एकाच वेळी येतात, चहा होतो, जुन्या आठवणी निघतात आणि संध्याकाळी एकही कप्पा रिकामा झालेला नसतो. प्रत्येकीला नाव घेऊन, एकच निश्चित काम सांगा. तुम्ही लिहिता की एक मैत्रीण टपाल खात्यातून निवृत्त झाली आहे, एक शाळेत शिकवत असे, एकीकडे शिवणयंत्र आहे आणि एकीचे यजमान हळदीच्या पेठेत असल्यामुळे टेम्पोवाले आणि हमाल त्यांच्या ओळखीचे आहेत. ताई, यापेक्षा चांगली जुळणी शोधून मिळाली नसती.

कागदांपासून सुरुवात करा आणि ते काम टपालातल्या मैत्रिणीबरोबर करा. घराचे जुने खरेदीखत, मालमत्ता पत्रकाचा उतारा, सासऱ्यांच्या आणि यजमानांच्या मृत्यूचे दाखले, वारस नोंदीचे कागद, महापालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, हे सगळे एका पिशवीत आले पाहिजे. मूळ कागद खरेदीदाराच्या हाती जाण्यापूर्वी प्रत्येकाची स्वच्छ प्रत काढून ठेवा, कारण मुलांना पुढे कधी कराच्या कामासाठी किंवा एखाद्या दाखल्यासाठी ती लागेल. ताबा देण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा मोबाइलवर टिपून घ्या आणि शेवटच्या बिलांच्या पावत्या त्यासोबत ठेवा. आधारवरचा पत्ता नव्या फ्लॅटच्या नोंदणीकृत करारावरून बदलता येईल. मतदार यादीतल्या पत्त्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. गॅसची एजन्सी बदलणार असेल तर जुन्या एजन्सीकडून हस्तांतराचा कागद घ्यावा लागेल. तुम्हाला यजमानांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार. म्हणजे हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा आहे आणि तुमचे घर बदलणेही नोव्हेंबरातच आहे. सामानाच्या गडबडीत तो राहून जातो आणि मग निवृत्तिवेतन अडकते. बँकेत जाऊन हे काम पहिल्या आठवड्यातच उरकून टाका, आणि त्याच फेरीत बँकेला नवा पत्ताही द्या.

दागिने, ठेवींच्या पावत्या आणि लॉकरची किल्ली मात्र कोणाच्याही हाती सोपवू नका. मैत्रिणींवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. गडबडीच्या दिवसात एखादी वस्तू दोन तास जरी सापडली नाही तरी ज्या व्यक्तीने ती शेवटची हाताळली तिच्या मनाला टोचणी लागते, आणि तुमच्या मैत्रीवर तो भार कशाला? या वस्तू हमाल यायच्या आधीच लॉकरमध्ये किंवा मुलीकडे जाऊ द्या.

आता माळा. तुम्हाला लाज वाटते असे लिहिले आहे. तुमच्या माळ्यावर काय असणार हे मी न पाहता सांगू शकते, कारण माझ्या आईचे मिरजेतले घर आम्ही आवरले तेव्हा तेच निघाले होते : तांब्याचा बंब, घंगाळ, दोन जाती, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, पाळण्याच्या साखळ्या, लग्नातल्या अहेराची भांडी, मुलांची पाटी-दप्तरे आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या दोऱ्यांचे गुंडे. तुमच्या मैत्रिणींच्या माळ्यांवरही हेच आहे. आणि एक गोष्ट तुम्ही विसरता आहात. या चौघींनी तुमचे घर गाळाने भरलेले पाहिले आहे, कपाटातल्या साड्यांपासून कणकेच्या डब्यापर्यंत सगळे चिखलातून त्यांनीच उपसले आहे. त्यांच्यापासून झाकायचे असे आता काय उरले?

आईच्या घरी मी एक चूक केली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. मला घाई होती. तीन दिवसांची रजा होती आणि त्या तीन दिवसांत सगळे संपवायचे होते. माळ्यावरची पितळी भांडी मी पोत्यात भरली आणि मोडीत घातली. तराजूवर शेवटचा तांब्या ठेवताना दुकानदाराने तो फिरवून पाहिला आणि सहज वाचून दाखवले : 'चि. सौ. कां. हिस मावशीकडून, १९५९.' ती मावशी आईला आईच्या जागी होती. मी तेवढा एक तांब्या परत मागून घेतला. पोत्यातल्या बाकीच्या भांड्यांवर कोणाकोणाची नावे होती, हे मला आता कधीच कळणार नाही.

म्हणून शिक्षिका असलेल्या मैत्रिणीला हे काम द्या. माळ्यावरून भांडी हमालाकडून किंवा शेजारच्या तरुण मुलाकडून उतरवून घ्या; शिडीवर तुमच्यापैकी कोणीही चढू नका. ओसरीवर सतरंजी घालून तुम्ही दोघी बसा. काळी पडलेली भांडी चिंचेने घासली की टोचून घातलेली अक्षरे उजळतात. २०१९ च्या गाळानंतर त्यांनी ती घासली होतीच, पण त्या वेळी वाचायला कोणाला उसंत होती? आता एकीने वाचायचे आणि एकीने वहीत उतरवायचे : कोणते भांडे, कोणाचे नाव, कोणते साल, कोणते निमित्त. ज्या भांड्यावर तुमच्या नणंदेचे नाव आहे ते नणंदेच्या घरी जावे, ज्यावर माहेरचे नाव आहे ते भाच्यांकडे जावे. अनेक भांड्यांना आपोआप घर मिळेल. चार-सहा तुम्ही ठेवा. ज्यांच्यावर नाव नाही आणि ज्यांचा वापर नाही, ती मोडीत घालताना मग हात अडखळणार नाही. जाते आणि पाटा-वरवंटा फ्लॅटमध्ये नेण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. पण तुमच्या हाताला वरवंट्याचीच चटणी लागत असेल तर वरवंटा न्या, माझे मत बाजूला ठेवा. खोक्यांवर नावे लिहिण्याचे कामही याच बाईंच्या सुवाच्य अक्षरात होऊ द्या. खोक्यात काय आहे याबरोबरच ते नव्या घरात कोणत्या खोलीत उतरवायचे हेही लिहायला सांगा, म्हणजे हमालांना दहादा विचारावे लागत नाही.

शिवणयंत्रवाल्या मैत्रिणीसमोर सासूबाईंची ट्रंक उघडा. त्यांची नऊवारी इरकले त्यात आहेत आणि पुराच्या पाण्याने काहींचे पदर गेले आहेत, असे तुम्ही लिहिता. जे धड आहे ते मुलीला आणि सुनेला द्या. ज्याचा पदर गेला पण अंग शाबूत आहे, त्याची वाकळ होते. आपल्या भागात नऊवारीच्या वाकळी शिवायची पद्धत जुनी आहे आणि इरकलाचे सूत धुऊन धुऊन इतके मऊ होते की त्या वाकळीसारखी ऊब विकतच्या ब्लँकेटला येत नाही. सासूबाईंचे घर सोडते आहे, हे तुम्हाला जिथे सर्वांत जास्त लागते, तिथे ही वाकळ उपयोगी पडेल. त्याबद्दल आणखी एक सांगते. २००५ मध्ये त्या वरच्या मजल्यावरून हलल्या नाहीत, तेव्हा घरात तुम्ही होतात, यजमान होते, हाताशी दोन तरुण मुले होती. त्या एकट्या नव्हत्या. पाणी चढत असताना ६७ वर्षांच्या सुनेने या घरात एकटीने रात्र काढावी, असे त्यांनी तुम्हाला सांगितले असते का? तुम्ही त्यांना ३३ वर्षे जवळून पाहिले आहे. याचे उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे. आयर्विनला ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आकडे सांगलीत लहान मुलालाही पाठ असतात, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. अशा नदीकाठी राहणे न झेपणे यात घराशी कसलीही प्रतारणा नाही.

पुराने चिकटलेल्या फोटोंचा एक गठ्ठा तुम्ही सहा वर्षांहून अधिक काळ तसाच ठेवला आहे. तो ओढून सुटा करू नका, कारण एका फोटोवरचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतो. वरचा फोटो आहे त्या स्थितीत मोबाइलवर टिपून घ्या आणि गठ्ठा जुन्या, जाणत्या छायाचित्रकाराला दाखवा. तो खोक्यात न घालता हातातल्या पिशवीतून न्या.

चौथ्या मैत्रिणीच्या यजमानांना टेम्पो आणि हमाल ठरवून द्यायला सांगा, पण मजुरी तुम्हीच द्या आणि आकडा आधी ठरवून द्या. ओळखीतले काम म्हणून पैशाचे बोलणे टाळले की शेवटी दोन्हीकडे अवघडलेपण येते. तिला स्वतःला विश्रामबागेत न्या आणि मोजपट्टीने फ्लॅटचे दार, जिन्याचे वळण आणि लिफ्टची रुंदी मोजून आणा. शिसवी पलंग वळणातून जात नाही हे टेम्पो दाराशी उभा असताना कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. सुतार बोलावून तो सुटा करता येतो. या वर्षी ज्वारी-गव्हाची नवी साठवण करू नका, आहे ती खात या. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या, आणि नव्या घरी काही तास तसाच उभा राहू देऊन मग चालू करा.

एक कपाट मैत्रिणींनी उघडू नये, ते यजमानांचे. त्यांचे चष्मे, शाळेच्या डायऱ्या, कोट आणि तुम्हाला आलेली पत्रे यांच्याकडे एखाद्या सकाळी तुम्ही एकट्याच बसा. आवरून झाले नाही तर कपाट कुलूप लावून तसेच्या तसे विश्रामबागेला जाऊ द्या. तिथे वर्षभराने उघडले तरी काही बिघडत नाही. मैत्रिणींना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा, म्हणजे कोणी मायेने हात लावायला जाणार नाही आणि तुम्हाला ऐन वेळी नको म्हणावे लागणार नाही. मुलाला त्या सकाळी फोन करा, पण येण्याची गळ घालू नका. वडिलांच्या वस्तूंना हात लावणे त्यालाही जड जात असेल, आणि 'एका दिवसात सगळे नेतील' या घाईमागे तेही असू शकेल.

देवांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण देवघराचा उल्लेख दोनदा केला आहे. तुमच्या घराण्यात जसे चालत आले आहे तसेच करा. मला एवढेच म्हणायचे आहे की देव खोक्यात भरू नयेत. टाक आणि बाळकृष्ण स्वच्छ वस्त्रात बांधून तुमच्या स्वतःच्या मांडीवर रिक्षाने न्यावेत, सामानाच्या आधी, आणि तिथे दिवा लावून मग पहिले खोके दारातून आत यावे. तुळस कुंडीत असेल तर ती त्याच रिक्षात पायाशी बसेल. अंगणातल्या वृंदावनातली असेल तर तिच्या मंजिऱ्या आतापासून वाळवून ठेवा आणि नव्या कुंडीत पेरा. गावभाग सोडण्याआधी एक संध्याकाळ घाटावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरा. जिने तीनदा घर बुडवले तिची ओटी कशी भरू, असे मनात येईल. पण दर पावसाळ्यात पाणी उतरले की सासूबाई ती भरत होत्या, हे तुम्हीच लिहिले आहे.

माजघराच्या भिंतीवर पुराच्या तीन खुणा आहेत : २००५ ची यजमानांनी पेन्सिलने केलेली, आणि २०१९ व २०२१ च्या तुम्ही कोळशाने केलेल्या. नवे मालक घर पाडणार आहेत. शेवटच्या दुपारी, सामान निघून गेल्यावर, चौघींना त्या भिंतीपाशी उभ्या करून फोटो काढा. मोजपट्टी लावून प्रत्येक खूण जमिनीपासून किती उंच आहे ते बाईंच्या वहीत, भांड्यांच्या यादीच्या पुढच्या पानावर, सालासह लिहून घ्या. २०१९ ची खूण त्यांच्या डोक्याच्याही वर जाईल, म्हणजे ती मोजायला हमालाला थांबवून ठेवावे लागेल.

आणि डिसेंबरची भिशी कोणाकडे निघते ते पाहू नका, ती विश्रामबागेत तुमच्याकडे मागून घ्या. खोकी अजून उघडली नसली तरी चालेल. बसायला सतरंजी आणि चहाला पाच कप मात्र बाईंना सांगून वेगळ्या, ठळक नाव लिहिलेल्या खोक्यात ठेवा.